काळ्यानंतर पांढरं

आमच्या घरातल्या लग्नांच्या साड्या घ्यायला मला कोणी नेत नाही. नेलंच तर दुकानाबाहेर उभं करतात. त्याचं कारण असं, की मी साडी अंगाला लावून बघत नाही. ती उचलते आणि थेट दाराबाहेर उन्हात जाते. दुकानदार "ताई, ताई" करत मागे येतो, तोवर माझा पदर उलटा करून झालेला असतो. मग पर्समधून पांढरा रुमाल काढायचा, ओला करायचा आणि काठावर घासायचा. कल्याणच्या एका दुकानात माझ्या धाकट्या नणंदेचा शालू असा घासला. रुमाल जांभळा झाला आणि निम्म्यावर आलेला चहा परत गेला. तेव्हापासून नणंद माझी ओळखच अशी करून देते, "ही आमची वहिनी. हिला कपडे दाखवू नका."

ही खोड मला नोकरीने लावली. मुरबाडच्या एमआयडीसीत कापड रंगवायचा एक कारखाना आहे, तिथे मी शेड मॅचिंगचं काम करते. लग्न होऊन वैशाखऱ्याहून मुरबाडला आले तेव्हा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, कारखान्याला लॅबमध्ये माणूस हवं होतं, लागले. केस पांढरे झाले तरी तिथेच आहे. त्या केसांना मी स्वतःच रंग लावते आणि ती शेड आजवर एकदाही जुळलेली नाही, हे घरचे कोणालाही सांगतातच, म्हणून आधी मीच सांगून टाकते.

काम ऐकायला सोपं आहे. गिऱ्हाईक एक चिंधी पाठवतं आणि म्हणतं, हाच रंग पाहिजे. मी छोट्या भांड्यांत रंग मिसळून तळहाताएवढे तुकडे रंगवत बसते, तो 'हाच' होईपर्यंत. आता कॉम्प्युटर आला आहे, चिंधी त्याच्यापुढे धरली की तो आकडे सांगतो. पण गिऱ्हाईक आकडे नेसत नाही.

एकदा धसईचा एक बँडवाला आला, कारखान्याच्या शेठच्या ओळखीचा. पोरांना नवे ड्रेस शिवायचे होते. नमुना म्हणून त्याने खिशातून टोमॅटो काढला. "असला लाल पायजे मॅडम." मी टोमॅटो ठेवून घेतला आणि रंग जुळवला. तो बघायला येईपर्यंत टोमॅटो आणखी पिकला होता. "हा फिका वाटतोय," तो म्हणाला. मी गडद केला, तोवर टोमॅटो काळपट पडला. त्याने पुन्हा मान हलवली. शेवटी आमचे डाइंग मास्तर, भोईर मास्तर, लॅबमध्ये आले. त्यांनी तो टोमॅटो उचलला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि बँडवाल्याला म्हणाले, "आता बोल, जुळला का?" त्याने मुकाट्याने पहिली शेड घेतली.

मी तळहाताएवढं रंगवते ते मास्तर ट्रकभर रंगवतात. त्यांच्या मशीनला जिगर म्हणतात. दोन मोठे रूळ, मध्ये रंगाच्या पाण्याचं कुंड. कापड एका रुळावरून सुटतं, कुंडात बुडतं, दुसऱ्यावर गुंडाळलं जातं, आणि मग तसंच उलटं. तासन्तास ही ये-जा चालते. या मशीनचा एक कायदा आहे, जो कुठेही लिहिलेला नाही आणि कोणीही मोडत नाही. आधी पांढरं (तेही याच कुंडात उजळवावं लागतं), मग फिके रंग, मग लाल-निळे, आणि काळं सगळ्यात शेवटी, सुट्टीच्या आदल्या दिवशी. घरात एकाच पातेल्यात आधी दूध तापवतो आणि नंतर रस्सा करतो, तसंच हे. उलटं केलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

सगळ्या रंगांत लाल द्वाड. रंगवताना त्यातला काही भाग धाग्याला कायमचा धरतो, आणि काही पाहुण्यासारखा नुसता वर बसून राहतो. या पाहुण्यांना साबणाच्या उकळत्या पाण्याने घालवावं लागतं, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. पण त्याला पाणी लागतं, वाफ लागते, आणि बाहेर ट्रकवाला हॉर्न देत असतो. मग शेवटची एक धुणी, म्हणजे साबणाचं शेवटचं पाणी, राहून जाते. खरं सांगायचं तर आमच्याकडे ती राहिल्याने कोणाचं काही अडत नाही. आमच्या भागातली बाई नवं लाल लुगडं पहिल्यांदा वेगळंच धुते, तेही मिठाच्या पाण्यात. लाल म्हणजे सुटणार, हे ती धरूनच चालते. लग्नात नवरीच्या शालूचा लाल नवऱ्याच्या पांढऱ्या उपरण्याला लागला तर बायका तक्रार करत नाहीत, एकमेकींना कोपरखळ्या मारतात.

त्यामुळे दक्षिण आफ्रिकेहून तक्रार आली तेव्हा आम्हाला ती तक्रारच वाटली नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत आमचं काळं, लाल आणि पांढरं साधं सुती कापड तिकडे जायचं. तिथे ते कोण नेसतं, कशासाठी, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. तक्रार एका ओळीची होती. लाल रंग पांढऱ्यावर उतरला.

मास्तर म्हणाले, "लाल हाय तो. सुटनार नाय तर काय करनार? त्यांना सांगा, पयल्या धुन्याला मिठात बुडवा."

शेठनी हेच चांगल्या इंग्रजीत लिहून पाठवलं. काही दिवसांनी उत्तर म्हणून एक बाईच आली.

तिचं नाव नोमसा. माझ्यापेक्षा जरा मोठी, डोक्याला घट्ट रुमाल, मनगटात लाल-पांढऱ्या मण्यांच्या माळा. ती तिकडची वैदू. लोकांना पारंपरिक औषध देते, आणि औषध देणाऱ्यांना लागणारं कापड, मणी, मुळ्या विकायचं तिचं दुकानही आहे. मण्यांच्या खरेदीला दरवर्षी मुंबईत येते. या वेळी व्यापाऱ्याच्या मागे लागून तिने कारखान्याचा पत्ता घेतला आणि गाडी करून मुरबाडला आली.

"ताई, तुमचं इंग्रजी बरं आहे," म्हणून शेठनी तिला माझ्यावर सोपवलं. बरं म्हणजे माझ्याकडे नामं भरपूर आहेत, क्रियापदं जरा कमी पडतात. मी तिच्यापुढे शेड कार्डं मांडली. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. पिशवीतून एक कापड काढून टेबलावर पसरलं. अर्धं लाल, अर्धं पांढरं, मधोमध शिवलेलं. पांढऱ्याची कड गुलाबी झाली होती आणि शिवणीपासून गुलाबी ओघळ खाली गेले होते.

"हे तुमचं?"

मी कड उलटवली. आमचा शिक्का होता. "आमचं."

मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी मिठाचं पुन्हा सांगितलं, मी ते इंग्रजीत केलं. नोमसाने नीट ऐकून घेतलं. "मीठ मला माहीत आहे. हे माझ्या बहिणीने नदीवर धुतलं," एवढंच ती म्हणाली आणि कापडाची घडी घालायला लागली. पुढचं काही तिला कारखान्यात बोलायचं नव्हतं, हे माझ्यासारखीलाही कळलं. जेवायची वेळ झालीच होती, मी तिला घरी घेऊन गेले.

घरी सासूबाई. त्यांना इंग्रजी येत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि लाल मिरचीचा ठेचा वाढून त्या समोर बसल्या.

"गो बाय, कापडासाठी एवढ्या लांबून आलीस? तुमच्याकडं दुकानं नायत?"

मी विचारलं. नोमसा भाकरी मोडत सांगायला लागली.

तिची धाकटी बहीण थांडी. तिला झोप येईना, स्वप्नं पडत, अंग दुखे, नोकरी सुटली. दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच्या जोडीला घरचा उपचारही सुरू झाला, आणि तो उपचार रंगांचा असतो. कसा, ते विचारताना माझी क्रियापदं संपली, तेव्हा नोमसा सरळ उठून ओट्याशी गेली. तव्याच्या बुडाला बोट लावून काळं दाखवलं. "ही रात्र. आत जे घुसलंय ते काळ्या औषधाने बाहेर काढायचं." मग ठेच्याकडे बोट केलं. "ही पहाट. रात्र सरलेली, दिवस उगवलेला नाही. सगळ्यात धोक्याची जागा हीच." शेवटी भाकरी उचलली. "हा दिवस. माणूस बरा होऊन लोकांत परत येतो." क्रम मोडायचा नाही. रात्रीतून कोणी थेट दिवसात जात नाही, आणि दिवस उगवल्यावर मागे फिरायचं नसतं.

"सगळ्या आफ्रिकेत असंच असतं?" मी विचारलं.

"तुमच्या सगळ्या देशात हीच भाकरी असते?" ती म्हणाली. "ही आमच्या घरची रीत. शेजारच्यांकडे हेच रंग वेगळं बोलतात."

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. "मंग आमचा भगत काय वेगळा करतो? आधी बिब्ब्याचा काळा, मंग कुंकू, आन तांदूळ शेवटाला. तांदूळ आधी टाकला की गेला वाया." हे मी नोमसाला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि सासूबाईंनी तिच्या पानात न विचारता दुसरी भाकरी टाकली.

थांडी लाल कापडात बरेच महिने होती. मग पांढऱ्याचा दिवस ठरला. नातेवाईक बोलावले. त्या दिवसासाठी लाल आणि पांढरं जोडून ते वस्त्र शिवलं होतं. सकाळी तिने ते नदीत बुडवलं आणि तिच्या डोळ्यांसमोर लाल रंग पांढऱ्यात शिरला. सगळ्यांनी समजावलं, अगं, नुसता कापडाचा रंग आहे. तिने ऐकलं नाही. लाल मला सोडत नाही, म्हणाली, आणि घरात जाऊन बसली.

"तेव्हापासून ती पांढऱ्याला हात लावत नाही," नोमसा म्हणाली. "दूध नाही, मीठ नाही. दवाखान्याच्या गोळ्याही नाहीत. गोळ्या पांढऱ्या आहेत."

मी हे मराठीत सांगितलं. सासूबाईंनी नोमसाच्या मनगटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुमच्या कारखान्यातून गेला ना तो कापड?"

याचं भाषांतर मी केलं नाही. नोमसाला कळलं असावं.

कारखान्यात परतल्यावर मी म्हटलं, नवं कापड देऊ, लाल अजिबात सुटणार नाही असं. ते अवघड नव्हतं, राहिलेली धुणी द्यायची. पण नोमसाला तेवढ्याने पुरणार नव्हतं. बहीण कुठल्याही कापडावर आता विश्वास ठेवत नव्हती. "मी तिला सांगू शकले पाहिजे की मी तिथे उभी होते. एकाच मशीनवर आधी काळं झालं, मग लाल, मग पांढरं. आणि पांढरं पांढरंच निघालं."

हे मास्तरांना सांगितल्यावर ते स्टुलावर बसले.

"ताई, हिला सांग, काळ्यानंतर पांढरं या जन्मात नाय."

त्यांचं चुकत नव्हतं. काळा रंग जिगरमध्ये कुठे लपून बसतो ते मशीन बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. रुळांच्या कडांना, कुंडाच्या बुडाशी, पाइपच्या वळणात. आपण धुतलं म्हणतो, आणि दोन दिवसांनी कोणाच्या तरी फिक्या गुलाबी कापडावर राखाडी डाग उमटतो.

मी हे जमेल तसं समजावलं. नोमसाने खालच्या आवाजात विचारलं, "खरंच होण्यासारखं नाही का?"

मी मास्तरांकडे वळले. "त्या विचारतायत, मास्तरांना मशीन धुता येत नाही का."

मास्तर स्टुलावरून उठले. "कोनाला नाय येत? मला? ह्या जिगरला मी ह्याच्या मालकापरीस जास्त आंघोळी घातल्यात." थोडं थांबून म्हणाले, "काय शेंडी लावतेस काय ताई? अशी बोलली ती?"

"जवळपास अशीच," मी म्हटलं.

शेठ म्हणाले, सुट्टीच्या दिवशी मशीन रिकामंच असतं, काय करायचं ते करा. नोमसा आमच्याकडे राहिली. आदल्या दिवशी ठरल्याप्रमाणे काळं तिच्यासमोर चढलंच होतं, तेच तिचं पहिलं थान, कापडाचा पहिला तागा, झालं. सुट्टीच्या सकाळी मास्तर मदतीला एक माणूस घेऊन आले. कुंडात कॉस्टिक आणि रंग खाणारी पावडर टाकून पाणी उकळलं, सोडून दिलं, पुन्हा उकळलं. मग मास्तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः कुंडात उतरले आणि घासणीने कोपरे घासायला लागले. नोमसा एका पालथ्या ड्रमवर बसून बघत होती. चहा आला तेव्हा तिने आपला कप आधी मास्तरांच्या हातात दिला.

लाल चढलं. ते दिसायला सुरेख झालं, पण आमचं काम तिथून पुढे होतं. साबणाची प्रत्येक धुणी झाली की मी काचेच्या भांड्यात पाणी घेऊन खिडकीशी जायची. गुलाबी. "अजून एक," मास्तर म्हणायचे. पुन्हा गुलाबी, जरा कमी. "अजून एक." बाहेर हॉर्न देणारा ट्रकवाला नसला की माणूस किती नीट काम करू शकतो, हे बघून मला जरा लाजही वाटली. शेवटी भांड्यातलं पाणी आणि नळाचं पाणी शेजारी धरलं तर कुठलं कुठलं, हे मलाच ओळखू येईना. ओल्या पांढऱ्या चिंधीने लाल कापड जोर लावून घासलं. चिंधी पांढरीच राहिली.

पुन्हा मशीन उकळलं. पांढऱ्याच्या आधी मास्तरांनी एक रद्दी कापड फिरवून पाहिलं, आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने ओढावी तशी एक करडी रेघ उमटली. नोमसा ड्रमवरून उठली होती. मास्तरांनी रुळाची कडेची पट्टी उघडली, आत बोट घातलं आणि काळं बोट आम्हाला दाखवलं. "हितं बसला व्हता," म्हणाले, चोर पकडून दाखवावा तसे. ते धुऊन झालं, रद्दी कापड पुन्हा फिरलं, आणि मग खरं कापड चढलं.

ते उतरल्यावर मी फाटकाबाहेर उन्हात नेलं. मुलगी बघायला आलेल्यांसारखी वर-खाली, उलटं-सुलटं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या कापडात खोट सापडू नये असं वाटत होतं. सापडली नाही. नोमसाने ते माझ्या हातातून घेतलं, स्वतः घडी घातली, आणि मास्तरांपुढे दोन्ही हात जोडून थोडी वाकली. मास्तरांनी गडबडीने ओले हात पॅन्टला पुसले आणि त्यांनीही जोडले.

कापडाने माणूस बरा होतो का, हे मला विचारू नका. मी रंग जुळवते. पण कापडाने माणूस अडकू शकतो, एवढं मी बघितलं, आणि ते कापड आमच्या फाटकातून गेलं होतं. शेवटची धुणी राहिलेली अशी किती लाल थानं आजवर गेली असतील, आणि ती कोणी कुठे नदीत बुडवली असतील, हा हिशेब लागणारा नाही. आता कुठलंही लाल असलं की मी भांडं घेऊन मास्तरांच्या डोक्यावर उभी राहते. कधी माझं चालतं, कधी ट्रकवाल्याचं.

नोमसा घरी पोचल्यावर तिचा निरोप आला. थांडी ते कापड स्वतः धुणार होती, आणि आम्ही बघावं असं तिचंच म्हणणं होतं. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये मी फोन शेड कार्डांना टेकून उभा केला. मास्तर डबा उघडा ठेवून शेजारी बसले.

स्क्रीनवर मातीचं अंगण होतं. एक बारीकशी बाई आमच्याकडे पाठ करून उकिडवी बसली होती, खांद्यावर फिकट झालेलं लाल कापड. तिने नवं लाल आणि नवं पांढरं एकत्र टबात दाबलं. दोन्ही हातांनी चोळलं, जोर लावून, रंग निघावा अशाच ईर्षेने. मग थांबली आणि पाण्याकडे बघत राहिली. आम्हीही वाकलो. पाणी लालसर दिसत होतं.

मी स्क्रीनचा उजेड वाढवला. तरी लालसरच.

"टब," मास्तर म्हणाले. "टब लाल हाय. ताई, तिला सांग, पानी काचेच्या गिलासात घे. लाल टबात कोनाला काय दिसनार?"

मी घाईघाईने, एकही क्रियापद न वापरता, सांगितलं. तिकडे कोणीतरी घरात पळालं. थांडीने ग्लास टबात बुडवला, भरला, आणि पहिल्यांदा वळून फोनसमोर धरला, उन्हात. ग्लासाच्या पलीकडे तिचा चेहरा होता आणि तो आम्हाला पाण्यातून सगळा दिसत होता, डोळे, नाक, ओठांवरचं सालपट.

ती किती वेळ तशी धरून राहिली, सांगता येत नाही. मग ग्लास खाली ठेवला, टबातून पांढरं कापड उपसलं, पिळलंही नाही, आणि तसंच खांद्यावरून गुंडाळून घेतलं. जुन्या लालच्या वर.

"वाळू तरी द्यायचा व्हता," मास्तर पुटपुटले. "सर्दी व्हईल तिला."

थांडी अंगणात चालायला लागली. पांढऱ्या कापडातून पाणी गळत होतं, दोन्ही बाजूंनी, तिच्या पावलांवर आणि मातीवर. नोमसा एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी घेऊन तिच्या मागोमाग चालली होती. मी चष्मा पुसून स्क्रीनला नाक लावलं आणि ते थेंब बघत बसले, कॉल संपेपर्यंत. पाण्याला कसलाच रंग नव्हता.